घरच्या संगणकाचा वीजपुरवठा : आवाज कमी, खर्च बेताचा

सोयाबीनचे पैसे हातात आले की मुलांना संगणक घ्यायचा, असा बेत हल्ली पुष्कळ घरांतून ठरतो. तयार संगणकापेक्षा सुटे भाग आणून घरीच जुळणी केली तर चार पैसे वाचतात, आणि पुढे एखादा भाग बदलायचा झाला तर कुणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. मुले यादी करून पुण्याच्या तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जातात. प्रोसेसर कोणता, मेमरी किती, यावर रात्र रात्र खल होतो. एका भागाकडे मात्र कुणाचेच लक्ष नसते. तो म्हणजे वीजपुरवठ्याची पत्र्याची पेटी. दुकानदार तिला एसएमपीएस म्हणतो. कॅबिनेटबरोबर ती जवळजवळ फुकट मिळते, म्हणून तीच बसवली जाते, आणि पुढचा सगळा ताप तिथूनच सुरू होतो.

ही पेटी काय करते? कालव्याचे पाणी आपण थेट कांद्याच्या वाफ्यात सोडत नाही. चारीतून पाटात आणि पाटातून दारे धरून वाफ्यात घेतो. तसेच भिंतीतली 230 व्होल्टची वीज ही पेटी 12, 5 आणि 3.3 व्होल्टवर उतरवून आतल्या भागांना वाटून देते. दारे धरणारा झोपला तर वाफा वाहून जातो. हलकी पेटी जळताना मदरबोर्ड आणि डिस्कही बरोबर घेऊन जाते. 600 रुपये वाचवायला जाऊन 25 हजारांचा माल पणाला लावण्यात शहाणपण नाही.

किती वॉट पुरे?

दुकानदार सर्रास 750 वॉटची पेटी पुढे करतो. दोन गुंठे भाजीला 10 अश्वशक्तीची मोटार बसवण्यातला हा प्रकार आहे. अभ्यास, हिशेब, अर्ज भरणे, व्हिडिओ पाहणे एवढ्यासाठी असलेला, वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला संगणक एरवी 40-50 वॉट खातो आणि जोरात काम असतानाही बहुधा 150 च्या आसपासच राहतो. त्याला 400-450 वॉटची चांगली पेटी भरपूर झाली. मुलाला खेळासाठी किंवा चित्रफितींच्या कामासाठी मोठे कार्ड घालायचे असेल तरच 550-650 चा विचार करावा.

पेटीवर मोठ्या अक्षरात छापलेल्या आकड्याला भुलू नये. बाजूच्या तक्त्यात 12 व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे, कारण आजच्या संगणकाची बहुतेक भूक याच तारेवर असते. 32 अँपिअर असतील तर 12 गुणिले 32 म्हणजे 384 वॉट खरोखर मिळतात. ‘450’ छापलेल्या पेटीवर 16 च अँपिअर असतील तर ती 192 वॉटचीच समजावी. वजनही हातात घेऊन पाहावे. रिकाम्या डब्यासारखी हलकी लागली तर परत ठेवावी.

आवाजाचे मूळ

दोन खोल्यांच्या घरात मुलगी रात्री अभ्यासाला बसते आणि शेजारच्या खाटेवर आजोबा झोपलेले असतात. तिथे पेटीची घरघर म्हणजे शिक्षाच. हा आवाज पंख्याचा. पंखा जोरात फिरतो कारण पेटी तापते, आणि पेटी तापते कारण ती वीज वाया घालवते. संगणकाला 150 वॉट लागत असताना शेकडा 70 कार्यक्षमतेची पेटी भिंतीतून 214 वॉट ओढते. 64 वॉटची निव्वळ उष्णता होते. कार्यक्षमता शेकडा 85 असेल तर उष्णता 26 वॉटच. म्हणजे कमी वीज जाळणारी पेटीच बहुधा शांतही असते.

यासाठी 2004 साली ‘80 प्लस’ नावाची खूण सुरू झाली. तिच्यात ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या आहेत. आमच्या मते आपल्या घरांना ब्राँझ पुरे. विजेच्या बिलातली बचत फार मोठी सांगितली जाते, पण हिशेब करून पाहा : रोज 5 तास वापर आणि 15 वॉटचा फरक धरला तर वर्षाला 27 युनिट होतात. 8 रुपये दराने सव्वादोनशे रुपयेही होत नाहीत. गोल्डसाठी जादा पैसे मोजण्याऐवजी तेच अर्थिंगवर घालावेत. नुसते स्टिकर चिकटवलेल्या पेट्याही बाजारात असतात. त्या योजनेच्या संकेतस्थळावर मॉडेलवार यादी आहे, ती मोबाईलवर तपासून घ्यावी.

पंखा 120 मिलिमीटरचा असावा. जुन्या 80 मिलिमीटरच्या पंख्याला तेवढीच हवा ढकलायला फार वेगाने फिरावे लागते आणि तो किंचाळतो. बिनपंख्याच्या पेट्याही मिळतात, परंतु त्या महाग. आणि विदर्भात मे महिन्यात पारा 45 वर गेला की बिनपंख्याचे धाडस करू नये.

गावची वीज

संध्याकाळी व्होल्टेज पडते हे आपल्याला नवीन नाही. म्हणून ‘100-240 व्होल्ट’ आणि ‘ॲक्टिव्ह पीएफसी’ असे लिहिलेली पेटी घ्यावी. ती पडलेल्या व्होल्टेजलाही तग धरते. काही स्वस्त पेट्यांच्या मागे 115 आणि 230 असे लाल बटण असते. चुकून ते 115 वर राहिले आणि प्लग लावला की मोठा आवाज होऊन पेटी संपलीच.

उलट डीपीवरचा न्यूट्रल तुटला तर घरात 300-400 व्होल्टसुद्धा शिरू शकतात. त्यापुढे कोणतीही पेटी टिकत नाही. जादा व्होल्टेज आले की लाईन तोडणारे यंत्र वायरमनकडून मीटरजवळ बसवून घ्यावे. टीव्ही आणि फ्रीजही वाचतील.

वीज गेल्यावर चांगली पेटी साधारण सेकंदाच्या साठाव्या भागाएवढा वेळ संगणक तोलून धरते. तेवढ्यात इन्व्हर्टर चालू झाला पाहिजे. त्याच्या मागे यूपीएसचे बटण असेल तर ते लावून ठेवावे. चौकोनी लहरीचा स्वस्त इन्व्हर्टर असल्या पेट्यांना मानवत नाही, साइन वेव्हचाच घ्यावा.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात अशी तक्रार अनेक घरांत असते. बहुतेक वेळी दोष पेटीत नसतो, घराला अर्थिंग नसते. पेटीतल्या गाळणीतून थोडी वीज पत्र्यावर येते. तिला जमिनीत उतरायला वाट हवी. तिसरी पिन मोडून प्लग बसवण्याची सवय आधी सोडावी आणि खड्डा घेऊन नीट अर्थिंग करून घ्यावे. पण झटका जोराचा बसला तर आधी वीज बंद करून वायरमनला बोलवावे.

साधारण 3 ते 4 हजारांत अशी पेटी मिळते. मळणीच्या दिवसांत भुसा घरभर उडतो, तेव्हा काम नसताना संगणक बंद करून वर फडके टाकावे. उबेला पाल आणि झुरळे शिरतात, म्हणून मागची मोकळी फट झाकणपट्टीने बंद करावी. धूळ बाहेरूनच ब्रशने काढावी. पेटीचे स्क्रू मात्र कधी खोलू नयेत. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर वीज साठून राहिलेली असू शकते. पंखा घरघरू लागला तर वॉरंटीत बदलून घ्यावा. ती बहुधा 3 किंवा 5 वर्षांची असते, तेव्हा पावती सातबाऱ्याच्या पिशवीतच ठेवलेली बरी.