बाहुलीला डोळे, बाळाला टोपडे

दिवाळी सरली की कार्तिकी पौर्णिमेला बीडजवळच्या कपिलधारी मन्मथस्वामींच्या समाधीपाशी यात्रा भरते. याच सुमारास जिल्ह्यातील हजारो कुटुंबे तान्ह्या लेकरांसह ऊसतोडीला निघतात. कोपीतल्या थंडीत त्या जिवांना ऊब हवी. भगिनींनो, थोरल्या भावंडाची चिंध्यांची बाहुली आधी उसवा. आतल्या कुबट चिंध्या टाकून धुतलेल्या, उन्हात वाळवलेल्या चिंध्या भरा. डोळ्यांना बटणे नकोत, ती निघून बाळाच्या घशात अडकतात. डोळे दोऱ्यानेच काढा. उरल्यासुरल्या मऊ लोकरीचे टोपडे क्रोशाने विणा. मुके खांब घट्ट घाला, म्हणजे चिमुकली बोटे जाळीत अडकणार नाहीत. बंद आखूड ठेवा. बाळाला निजवताना बाहुली मात्र दूर ठेवायची. दोन्ही जिनसा बिऱ्हाडाच्या बोचक्यात सहज मावतात!