स्किझोफ्रेनिया: बोलताना धागा का तुटतो?

प्रश्न विचारला तर एका शब्दात उत्तर, नाहीतर मध्येच भलताच विषय. घरच्यांना हा हट्ट किंवा ‘बाहेरची बाधा’ वाटते आणि उपचार लांबतात. प्रत्यक्षात या आजारात विचारांची साखळी तुटते. कानात आवाजांचे भास सुरू असले, की समोरच्याचं बोलणं निसटतं.

औषधांनी भास कमी होतात. मात्र परस्पर गोळ्या थांबवल्यास आजार उलटू शकतो. संवादाचा सराव आणि कुटुंबाचं समुपदेशनही उपयोगी ठरतं.

घरी काय कराल? छोटी वाक्यं बोला, एका वेळी एकच प्रश्न विचारा, उत्तरासाठी थांबा. भासांवरून वाद नको, त्यामागची भीती ऐका.

रामटेककरांसाठी प्रादेशिक मनोरुग्णालय नागपुरात आहे. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.