दोन औराद आणि संगणकातील नावांची शिस्त

नाव हे ओळखीचे साधन होय. परंतु केवळ नावाने ओळख पटतेच असे नाही. बिदर जिल्ह्यात औराद हे तालुक्याचे ठिकाण आहे, तर शेजारच्या लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुक्यात औराद शहाजनी हे गाव आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होईपर्यंत निलंगा तालुकाही हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यातच समाविष्ट होता. त्यापूर्वीच्या एखाद्या दस्तऐवजात ‘औराद, जिल्हा बिदर’ एवढाच उल्लेख असल्यास जमीन कोणत्या शिवारातील, हे त्यावरून ठरविता येणार नाही. गावासोबत तालुका व जिल्हा लिहिण्याचा दंडक याच कारणास्तव पाळला जातो.

आता नोंदी संगणकावर ठेवल्या जातात आणि संगणकाच्या आज्ञावलीतही हाच प्रश्न उद्भवतो. एकाच आज्ञावलीत परस्परांशी अपरिचित अशा अनेकांनी योजिलेली हजारो नावे एकत्र येतात. त्यांची सरमिसळ टाळण्यासाठी प्रत्येक नावास ‘नेमस्पेस’, म्हणजेच नामक्षेत्र, जोडण्याची पद्धत आहे. रिच हिकी यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘क्लोजर’ या फलनप्रधान भाषेत, म्हणजे गणितातील फलनांच्या धर्तीवर आज्ञा रचणाऱ्या भाषेत, या पद्धतीचे नियम नेमके आहेत.

पहिला नियम असा की, आधी नामक्षेत्र, मग एक तिरपी रेघ आणि त्यानंतर नाव लिहावे. नामक्षेत्राचे पोटभाग टिंबाने वेगळे करावेत. ‘क्लोजर.स्ट्रिंग/जॉइन’ ही आज्ञा अक्षरमालिका एकत्र जोडते, तर ‘क्लोजर.सेट/जॉइन’ ही दोन तक्त्यांतील जुळणाऱ्या नोंदींची सांगड घालते. (प्रत्यक्षात ही नावे रोमन लिपीत लिहितात.) नाव एकच, कार्ये मात्र भिन्न, दोन औरादांचाच हा प्रकार होय. ही दोन्ही नावे क्षेत्राविना एकाच ठिकाणी आणू पाहिल्यास यंत्र त्रुटी दाखवून तेथेच थांबते.

दुसरा नियम नावातील चिन्हांविषयी आहे. नावाचा प्रारंभ अंकाने होऊ नये व नावात मोकळी जागा नसावी. जोडरेघ, प्रश्नचिन्ह व उद्गारचिन्ह मात्र चालतात.

तिसरा नियम संक्षेपाचा आहे. लांबलचक नामक्षेत्रास आखूड उर्फनाव देता येते. परंतु ते ज्या नामक्षेत्रात दिले, तेवढ्यापुरतेच चालते.

चौथा नियम सर्वाधिक सावधगिरीचा आहे. नोंदीतील रकान्यांना बहुधा ‘कीवर्ड’ या प्रकारची नावे देतात व त्यांच्या प्रारंभी अपूर्णविराम असतो. एक अपूर्णविराम असल्यास पुढील मजकूर जसाच्या तसा घेतला जातो. दोन असल्यास चालू नामक्षेत्र आपोआप जोडले जाते. जुन्या कागदपत्रांतील ‘तालुका मजकूर’ या शब्दप्रयोगासारखेच हे आहे. दोन अपूर्णविरामांनंतर उर्फनाव आल्यास त्याच्या जागी पूर्ण नामक्षेत्र घेतले जाते. मात्र तेच उर्फनाव एकाच अपूर्णविरामाने लिहिले, तर ते उर्फनाव राहत नाही, स्वतंत्र नामक्षेत्र ठरते. यंत्र यास चूक मानीत नाही. मागितलेली नोंद सापडली नाही, एवढेच ते रिकाम्या उत्तराने कळविते. नोंद अस्तित्वात असूनही अर्जदारास मात्र ‘नोंद नाही’ असे उत्तर मिळू शकते.

उर्फनावांचे महत्त्व सीमाभागास नवे नाही. गुलबर्गा जिल्ह्याचे नाव २०१४ पासून कलबुरगी झाले. तथापि जुन्या दाखल्यांवर गुलबर्गा हेच नाव आहे. दोन्ही नावे एकाच जिल्ह्याची आहेत, हे संगणकास आपोआप उमगत नाही; ते कोणीतरी नोंदवून ठेवावे लागते.

२०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावास सहा अंकी संकेतांक देण्यात आला होता. यंत्रास तो उपयुक्त ठरतो. अर्ज लिहिणारा शेतकरी मात्र गावाचे नावच लिहितो. ते नाव गाव, तालुका व जिल्हा यांसह पूर्ण लिहून घेणे आणि आज्ञावलीतही क्षेत्रासह पूर्ण ठेवणे, ही दोन्ही कामे एकाच कर्तव्याची अंगे होत. अर्धवट नाव लिहिणाऱ्याचे श्रम क्षणभर वाचवील. त्याची झळ मात्र ज्याची जमीन आहे त्यालाच सोसावी लागेल.