आधी ऐकलेले अण्णाभाऊ

पोवाड्यात मी झील धरतो. शाहीर पुढे उभा राहून कथा सांगतो आणि आम्ही दोघं-तिघं त्याच्या मागे असतो. एकाकडे तुणतुणं, एकाकडे झांज. शाहिराची ओळ संपत आली की तिचं शेपूट आम्ही उचलायचं आणि ‘जी जी रं जी’ करत वर न्यायचं. ऐकणाऱ्याला ही नुसती साथ वाटते, पण तेवढ्या वेळात शाहीर श्वास घेतो, पुढचं कडवं मनात जुळवतो आणि समोरची गर्दी बघून ठरवतो, ताणायचं की आवरतं घ्यायचं. बेस्टमध्ये मी ३१ वर्षं कंडक्टर होतो. त्या काळात आणि आता निवृत्तीनंतरही शिवजयंती आणि १ ऑगस्ट हे दोन दिवस मी दुसऱ्या कुणाला दिलेले नाहीत.

१ ऑगस्ट म्हणजे अण्णाभाऊ साठ्यांची जयंती. आमच्या घाटकोपर पश्चिमेला चिरागनगरात ते राहायचे, म्हणून त्या दिवशी इथल्या गल्ल्यांमधून पताका लागतात, बॅनर झळकतात. बॅनरवर नावाआधी ‘लोकशाहीर’ हा शब्द असतोच. पण गर्दीतल्या कॉलेजच्या पोरांना विचारलं की ती ‘फकिरा’ कादंबरीचं नाव सांगतात. अण्णाभाऊंनी कोणती गाणी रचली, ती कुठे गायली, असं विचारलं की एका ‘माझी मैना’पुढे गाडी जात नाही. मला याचं वाईट वाटतं. महाराष्ट्राने हा माणूस वाचला नंतर, आधी ऐकला. स्वतः रचायचं, त्याला चाल लावायची आणि हजारोंच्या पुढे उभं राहून स्वतः गायचं, ही अण्णाभाऊंची पहिली ओळख. ती कशी घडली ते मला सांगायचं आहे.

त्यांचं पाळण्यातलं नाव तुकाराम. वडील भाऊराव, आई वालुबाई. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात १ ऑगस्ट १९२० रोजी जन्म. तेव्हा तो भाग सातारा जिल्ह्यात होता, आज सांगलीत आहे. माझे वडील शेजारच्या शिराळा तालुक्यातले, त्यामुळे वारणाकाठची ती भाषा मी घरातच ऐकली. अण्णाभाऊंचं घर मांग समाजाचं. इंग्रजांच्या कायद्याने या समाजाच्या कपाळावर गुन्हेगारीचा शिक्का मारून ठेवला होता. गावात कुठे चोरी झाली की आधी मांगवाडा हुडकायचा, अशी रीत. शाळेचं म्हणाल तर ती दीड दिवसाची, असं सगळे चरित्रकार सांगतात. मारलं गेलेलं पोर शाळेतून उठून आलं ते परत गेलं नाही.

पण कानांची शाळा चालू होती. मांगवाड्यात हलगी, डफ, तुणतुणं ही घरातली भांडीकुंडी असावीत तशी असायची. त्यांच्या नात्यातल्या बापू साठ्यांचा तमाशाचा फड होता. पुढे मुंबईहून गावाकडे परतल्यावर अण्णाभाऊंनी त्या फडात काम केलं. गण, गवळण, बतावणी, वग हा सगळा क्रम, प्रेक्षक कुठे हसतो, कुठे खोकतो, कुठे बिडी पेटवायला उठतो, हे कुठल्या पुस्तकात मिळत नाही. फडात उभं राहिल्याशिवाय ते कळत नाही, एवढं मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

मुंबईला ते पहिल्यांदा आले १९३१-३२च्या सुमारास, आईवडील आणि भावंडांबरोबर, चालत. वाटेगाव ते मुंबई साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. गाडीभाड्याला पैसे नव्हते म्हणून वाटेत मिळेल ते काम करायचं आणि पुढे निघायचं. अकरा-बारा वर्षांच्या पोराचे ते पाय होते. भायखळ्याच्या चाळीत बिऱ्हाड पडलं. मग हमाली, फेरीवाल्याच्या पाठीवरचं गाठोडं, हॉटेलात कपबश्या विसळणं, कुणाचं कुत्रं सांभाळणं, सिनेमाच्या दारावर उभं राहणं आणि शेवटी गिरणी.

अक्षरओळख याच काळातली. सिनेमाची पोस्टरं आणि दुकानांच्या पाट्या बघून ते वाचायला शिकले. लोकांना ही दंतकथा वाटते, मला नाही वाटत. माझ्या बसला एक मावशी भाजीची टोपली घेऊन चढायच्या. अक्षर एक येत नव्हतं, पण गाडीच्या कपाळावरचा मराठी आकडा लांबून ओळखायच्या. ८चा आकडा म्हणजे त्यांच्या लेखी वाकून चालणारी म्हातारी. काही वर्षांनी एकदा त्या दुकानाच्या पाटीकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘‘मास्तर, हे घाटकोपरचं घ ना?’’ पाटी रोज समोर असली आणि पोटासाठी ती कळणं भाग असलं की माणूस शिकतो. फरक इतकाच, की अण्णाभाऊ पाट्यांवर थांबले नाहीत. वाचता येऊ लागल्यावर त्यांनी गॉर्कीपर्यंत मजल मारली.

माटुंगा लेबर कॅम्पात त्यांचं गाणं पहिल्यांदा चार लोकांत आलं. धारावीच्या अंगाला असलेल्या या वस्तीत गिरणी कामगार, सफाई कामगार, रेल्वेत राबणारे लोक राहत. महाडच्या सत्याग्रहात पुढे असलेले कॉम्रेड आर. बी. मोरे इथेच लोकांना संघटित करत होते. लाल बावट्याची ओळख अण्णाभाऊंना अशाच माणसांमुळे झाली. इथे त्यांनी गाणं रचलं ते कशावर? कॅम्पातल्या डासांवर. हे मला फार मोठं वाटतं. शाहिरी म्हटली की आपल्याकडे अफझलखानाचा वध, तानाजीचा सिंहगड. शिवाजी महाराजांच्या काळातल्या अज्ञानदासापासून ही वाट मळलेली आहे. त्या वाटेवर या तरुणाने तुंबलेलं गटार आणि रात्रभर अंग फोडणारे डास आणून उभे केले. समोर बसलेल्या प्रत्येकाच्या अंगावर त्या डासांच्या गांधी होत्या. शाहिराला असा श्रोता मिळाला की निम्मं काम झालेलं असतं.

मग आला स्टालिनग्राडचा पोवाडा. व्होल्गेकाठच्या त्या शहरात जर्मन फौजेने शरणागती पत्करली ती १९४३च्या फेब्रुवारीत. त्याच सुमारास वाटेगावच्या या माणसाने, ज्याने समुद्रापलीकडचा देश पाहिला नव्हता, त्या लढाईचा पोवाडा परळ-लालबागच्या कामगारांपुढे उभा केला. झीलकरी म्हणून एक गोष्ट सांगतो. झील धरायला शब्द स्वरावर सुटलेला लागतो. ‘आ’ लांबवता येतो, ‘ई’ लांबवता येते, पण ‘स्टालिनग्राड’ हा शब्द ‘ड’वर आपटतो आणि आवाज तिथेच तुटतो. अशी परकी, खडबडीत नावं मराठी चालीत बसवायची, ती गिरणीतल्या माणसाला पहिल्या ऐकण्यात कळली पाहिजेत आणि मागच्यांना उचलताही आली पाहिजेत. हे काम कागदावर जमत नाही, गळ्यावर घोळवूनच होतं. बंगालचा दुष्काळ, अमळनेरच्या कामगारांवरचा गोळीबार, फाळणीच्या दंगली, जे घडलं ते अण्णाभाऊंनी असं गाण्यात आणलं. कामगारवस्तीत वर्तमानपत्र एखाद्याच्याच घरी येई, पोवाडा मात्र मैदानात सगळ्यांपर्यंत पोहोचायचा.

१९४४मध्ये लाल बावटा कलापथक उभं राहिलं. त्यात तीन शाहीर, अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर. बार्शीकडचे अमर शेख म्हणजे पहाडी आवाज. गव्हाणकर स्वतः रचणारे आणि गाणारे. तिघांनी अवघा महाराष्ट्र पायाखाली घातला. गिरण्यांच्या फाटकांवर, शेतकरी परिषदांमध्ये, चाळींच्या चौकांत ते उभे राहायचे.

याच काळात अण्णाभाऊंनी तमाशाला हात घातला. फडाची चौकट त्यांना पाठ होती, म्हणूनच ती कुठे मोडायची हेही कळत होतं. गणपतीच्या गणाऐवजी त्यांनी मायभूमीला, महापुरुषांना आणि राबणाऱ्या माणसाला वंदन केलं. गवळण काढून टाकली. सोंगाड्याची चेष्टा ठेवली, पण तिचा रोख सावकाराकडे, शेटजीकडे, पुढाऱ्याकडे वळवला. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचं इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’ ही त्यांची नावंच सांगतात, की मार कुणाला बसत होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर आणि या कलापथकावर बंदीचा बडगा उगारला. तेव्हा त्याच खेळाला ‘लोकनाट्य’ हे नाव मिळालं आणि तो पुन्हा उभा राहिला. आज आपण हा शब्द किती सहज वापरतो! १९४९मध्ये अलाहाबादच्या अधिवेशनात ‘इप्टा’ या देशभरच्या नाट्यसंघटनेने अण्णाभाऊंना अध्यक्ष केलं. दीड दिवसाच्या शाळेनंतरचा हा पल्ला आहे, आणि तेव्हा ‘फकिरा’ यायला अजून दहा वर्षं होती.

आता ‘माझी मैना’. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली ही छक्कड, म्हणजे तमाशातल्या लावणीचाच एक प्रकार. माझे वडील त्या वेळी लोअर परळला एका खोलीत चौदा जणांबरोबर राहायचे. दोन पाळ्यांचे लोक आळीपाळीने झोपायचे, जेवण खानावळीत. आई गावी, सासरी. कुठल्याशा मैदानात त्यांनी ही छक्कड अमर शेखांच्या आवाजात ऐकली. ते सांगायचे, ‘‘सुरुवातीला मला तुझी आईच दिसली रे. वाटलं, ह्याला माझं कसं कळलं?’’ गावात राहिलेली बायको, पोटासाठी मुंबईत आलेला नवरा, तिचं रूप, तिची समजूत काढणं. मैदानातला जवळपास प्रत्येक पुरुष कोकणात नाहीतर घाटावर कुणाला तरी सोडून आलेला. तो त्या गाण्यात पुरता शिरला की छक्कड हळूच वळते. मुंबईची श्रीमंती आणि गरिबी येते, लढा येतो, आणि मग लक्षात येतं, की दुरावलेली मैना म्हणजे बेळगाव, कारवार, निपाणी, डांग, उंबरगाव. २१ नोव्हेंबर १९५५ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झालेला, माणसं मेलेली. भाषिक राज्याचा प्रश्न भाषणांत नकाशाचा होता. अण्णाभाऊंनी तो माझ्या वडिलांच्या उशाशी आणून ठेवला. वडील दुसऱ्या दिवसापासून मोर्चात होते.

१ मे १९६०ला महाराष्ट्र झाला. बेळगाव-कारवार आले नाहीत. त्यामुळे ती छक्कड म्हणताना शेवटच्या भागात माझा आवाज अजून जड होतो.

चिरागनगरातली झोपडी याच वर्षांतली. जुना आग्रा रोड, आजचा एलबीएस मार्ग, त्याच्या अंगाची ही वस्ती. मेट्रोने आलेला माणूस स्टेशनवरून थोड्या वेळात तिथे पोहोचेल. भोवतीची माणसं त्यांनी कथांमध्ये आणली. ‘चिरागनगरची भुतं’ हे तर एका पुस्तकाचं नावच आहे. ‘स्मशानातलं सोनं’ ही कथा मी दरवर्षी एकदा वाचतो. वारणाकाठचा भीमा उपनगरातल्या डोंगरालगतच्या खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते आणि मग तो पोटासाठी प्रेताच्या राखेत सोनं शोधू लागतो. आमच्या असल्फा-चांदिवलीकडच्या दगडखाणी मी लहानपणी पाहिल्या आहेत, सुरुंगाच्या आधीची शिटी ऐकली आहे. त्या धुळीतला माणूस मराठी कथेत असा आणणारा लेखक त्याच धुळीत राहत होता.

कादंबऱ्या, सिनेमे, ‘फकिरा’ला १९६१चा राज्य पुरस्कार, त्याच वर्षी रशियाचा प्रवास, हे सगळं पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्याआधी १९५८मध्ये मुंबईतल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन करताना, पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर उभी आहे, अशा अर्थाचं ते बोलले. ते वाक्य पोवाड्याच्या पहिल्या कडव्यासारखं आहे. एका दमात कळतं आणि पाठ होतं.

शेवटी ते गोरेगावच्या सिद्धार्थनगरात राहायला गेले आणि १८ जुलै १९६९ला तिथेच वारले. वय ४९ही पुरं नव्हतं. त्याच वर्षी २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. दीड महिन्याच्या आत दोन आवाज बंद झाले. माझे वडील हे सांगताना नेहमी बोटांवर दिवस मोजायचे.

गेल्या १ ऑगस्टला पाऊस धरून होता. तुणतुणं म्हणजे पोकळ लाकडी नळकांडं, बुडाला चामडं, त्या चामड्यातून निघून बाहेरच्या काठीवरच्या खुंटीला गुंडाळलेली एकच तार. हवा ओली झाली की चामडं सैल पडतं, तार उतरते आणि सूर घसरतो. मी ते चहावाल्याच्या स्टोव्हवर लांबूनच शेकत होतो. शेजारी डफही शेकत ठेवला होता. शाहीर विशीतला पोरगा, विक्रोळीहून आलेला, स्टालिनग्राडचा पोवाडा पहिल्यांदाच गाणार होता. मी बोटाने चामडं दाबून पाहिलं, खुंटी पिळली, तार छेडली. सूर लागला.

मंडपात आलो. पोराने डफावर थाप मारली. पहिल्याच कडव्यात घाईमुळे त्याचा दम संपत आला, तेव्हा त्याने मान किंचित मागे वळवली. मी त्याचा शेवटचा शब्द उचलला आणि तो श्वास घेईपर्यंत धरून ठेवला.