पॉवर, फोर्स की ऑथॉरिटी?

इंग्रजीत पक्ष 'इन पॉवर' असतो आणि कायदा 'इन फोर्स'. अदलाबदल करून पाहा, वाक्य तिथंच अडखळतं. सैन्यदलं म्हणजे 'आर्म्ड फोर्सेस', पण मुखत्यारपत्र म्हणजे 'पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी'. आपल्या शाळांत वर्गाच्या पटाला तर सरळ 'स्ट्रेंग्थ' म्हणतात. शब्दकोशात शेजारी बसणारे हे शब्द वाक्यात मात्र एकमेकांना जागा देत नाहीत. त्यांच्या मुळाशी गेलं की थक्क व्हायला होतं.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि पुढं दीर्घकाळ तिथल्या दरबारात फ्रेंच भाषा नांदली. 'माइट' आणि 'स्ट्रेंग्थ' हे त्या मातीतले जुने शब्द. 'पॉवर', 'फोर्स' आणि 'ऑथॉरिटी' आले फ्रेंचच्या वाटेनं. नवे आले म्हणून जुने गेले नाहीत, सगळ्यांनी कामं वाटून घेतली.

'पॉवर' मुळात क्रियापद होतं. त्याचा अर्थ 'करू शकणं'. त्याचं लॅटिन मूळ तेच, ज्यातून 'पॉसिबल' आला. 'माइट'चं नातंही 'शकणं' सांगणाऱ्या जुन्या इंग्रजी क्रियापदाशी आहे, आजचा 'मे' त्यातलाच. आणि आपल्याकडे? शक्ती, शक्य, शकणे, सगळे एकाच 'शक्' धातूचे! जे करता येतं तीच शक्ती, हा विचार इतक्या दूरदूरच्या भाषांना सुचावा, याचं नवल वाटतं.

'फोर्स' आणि 'स्ट्रेंग्थ' यांतला फरक रस्सीखेचीत लख्ख दिसतो. गडी दोर ओढतात तो फोर्स. तो बाहेरून लावला जातो आणि समोरच्यावर पडतो. दोर न तुटता ताण सोसतो ती त्याची स्ट्रेंग्थ. ती आतली असते, कुणी ओढत नसलं तरी असते. म्हणून जबरदस्तीनं घेतलेली सही 'बाय फोर्स' असते आणि मनाच्या खंबीरपणाला 'स्ट्रेंग्थ' म्हणतात.

सगळ्यांत विलक्षण शब्द 'ऑथॉरिटी'. 'ऑथर', म्हणजे लेखक, हा त्याचा सख्खा भाऊ. प्राचीन रोममध्ये पदाबरोबर मिळणाऱ्या अधिकाराला 'पोतेस्तास' म्हणत आणि शब्दाला असलेल्या वजनाला 'ऑक्टोरितास'. सम्राट ऑगस्टसनं आपल्या कारकिर्दीच्या वृत्तांतात म्हटलंय, की पोतेस्तास माझ्याकडे सहकाऱ्यांपेक्षा जास्त नव्हती, ऑक्टोरितासमध्ये मात्र मी सर्वांच्या पुढे होतो. तुर्कस्तानातल्या अंकारा शहरात एका प्राचीन देवळाच्या भिंतींवर हा वृत्तांत कोरलेला आहे. जगातला सर्वांत सामर्थ्यवान माणूस दोन शब्दांत इतक्या काळजीनं निवड करत होता!

हाना आरेंट या विचारवंत बाईंनी १९७० मध्ये 'ऑन व्हायोलन्स' या पुस्तकात हे शब्द नीट वेगळे केले. त्यांच्या मते स्ट्रेंग्थ एकट्या माणसाची असते. पॉवर मात्र कधीच एकट्याची नसते, माणसं एकत्र येतात तेव्हा ती जन्मते आणि माणसं पांगली की संपते. ऑथॉरिटीला धाक लागत नाही आणि मनधरणीही लागत नाही, लोकांचा आदर तिला पुरतो. म्हणून तिला मारायला शस्त्र नको, लोक हसू लागले तरी ती कोसळते.

एक निवृत्त न्यायमूर्ती डोळ्यांपुढे आणा. निकाल देण्याची पॉवर खुर्चीबरोबर गेली. तरी घटनेचा पेच पडला की लोक त्यांचं मत विचारतात, ती ऑथॉरिटी.

तेव्हा इंग्रजी लिहिताना यांतला शब्द निवडायची वेळ आली, तर हे बळ कसलं आहे, एवढंच आधी विचारा. आतून येत असेल तर स्ट्रेंग्थ, दुसऱ्यावर पडत असेल तर फोर्स, अफाट असेल तर माइट, घडवून आणता येत असेल तर पॉवर आणि लोकांनी मानलेलं असेल तर ऑथॉरिटी. बातमी वाचतानाही हाच प्रश्न विचारा. ज्याच्याबद्दल ती आहे त्याच्याकडे यांतलं नेमकं काय आहे आणि काय नाही, ते लगेच कळेल.