नदीवरचा घाट आणि डोंगरातला घाट

आंबोलीच्या माणसास ‘घाट’ कोणता असे विचारले, तर तो पारपोलीकडे उतरणारी वळणे दाखवील. या शब्दाचा मूळ अर्थ मात्र पाण्याशी निगडित आहे. संस्कृत ‘घट्ट’ म्हणजे नदीत उतरण्याची, नाव लावण्याची जागा. मराठीत दोन्ही अर्थ नांदतात. उतार हा त्यांतील समान घटक असावा.

या दोन घाटांमधील पेठ म्हणून तेरेखोल नदीवरील बांदा अभ्यसनीय आहे. विजापूरच्या अमदानीत त्यास आदिलाबाद म्हणत. समुद्रावरचा माल भरतीच्या पाण्यावर होड्यांतून आत येई. देशावरचा माल बैलांच्या पाठीवर रामघाट उतरे. आंबोलीवरून जाणारा वेंगुर्ले-बेळगाव गाडीरस्ता त्या मानाने अलीकडचा, १९ व्या शतकातील. ‘बंदर’ हा शब्द फारसी. ‘पेठ’ शब्दाचे कन्नड ‘पेटे’, तमिळ ‘पेट्टै’ यांच्याशी साम्य उघड आहे. तथापि एक समुद्राकडून आला, दुसरा रामघाटाने उतरला, असे म्हणणे धाडसाचे होईल. दोन्ही शब्द मराठीत सर्वदूर आहेत.

नदीमार्गाने भाषा कशी प्रवास करते, याचे ठळक उदाहरण पश्चिम आफ्रिकेत सापडते. माली देशात बानी नदीच्या परिसरातील जेन्ने येथे दर सोमवारी मोठा बाजार भरतो. भोवती बोझो, फुला, बांबारा या भाषा. नगरात मात्र टिंबक्टूच्या भाषेशी नाते सांगणारी सोंघाय. नौकाव्यापाराने तेथे सुटे शब्द नव्हे, भाषाच आणून वसविली. बांद्यास असे बेट निर्माण झाले नाही. नदीच्या मुखापासून पेठेपर्यंत एकाच कोकणी-मालवणी पट्ट्यातील बोली आहेत. बोलीतील भेद जाणवतो तो घाटमाथा ओलांडल्यावर. म्हणून येथे नदीच्या खुणा व्याकरणात न शोधता शब्दसंग्रहात शोधाव्या लागतात.

त्या खुणा विरळ होत आहेत. वाहतूक रस्त्यावर गेली, आणि ‘तर’, ‘तारी’, ‘तांडेल’ हे शब्द वृद्धांच्या बोलण्यापुरते उरू लागले. शिवाय तेरेखोलचा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला. नदीचा खालचा भाग आजही गोवा व महाराष्ट्र यांची सीमा आहे. तेव्हा एकाच तीरावरील संकलन अपुरे ठरेल. विद्यार्थ्यांनी मुखापासून प्रवाहाविरुद्ध जावे आणि ‘उधाण’ व ‘भांग’ या मोठ्या-लहान भरतीच्या संज्ञा कोणत्या गावापर्यंत सहज ओळखल्या जातात, याची दोन्ही तीरांवर गाववार नोंद करावी. जुन्या नौकामार्गाची सीमा त्या नोंदींवरून नकाशावर आखता येईल.