मारुती ८०० चं ७९६ सीसी इंजिन

मारुती ८०० चं एफ-८-बी इंजिन मला आजही थक्क करतं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बोअर ६८.५ मिमी, स्ट्रोक ७२ मिमी. दर सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह आणि वर एकच कॅमशाफ्ट. ताकद जेमतेम ३७ बीएचपी, पण ५९ न्यूटन-मीटर टॉर्क अवघ्या २५०० आरपीएमला मिळतो. म्हणून घाटात चार माणसं घेऊनही गाडी दुसऱ्या गिअरवर तक्रार न करता चढते. गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, हेही खरं. हेच इंजिन ओम्नीलाही होतं. तिथे ते पुढच्या सीटखाली बसवलेलं.

टिकाऊपणाचं कारण साधेपणा. सुटे भाग कमी, त्यामुळे बिघडायलाही कमी. जुन्या गाड्यांत कार्ब्युरेटर असायचा. गल्लीतला मेकॅनिकही तो खोलून साफ करी. पुढे एमपीएफआय इंधन-इंजेक्शन आलं आणि सकाळी चोक ओढणं संपलं.

या इंजिनाचा खरा शत्रू म्हणजे उष्णता. रेडिएटरमध्ये पाणी कमी पडलं की अॅल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅस्केट जातं आणि कूलंट ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर दुधाळ चहासारखं ऑइल दिसलं तर गाडी अजिबात सुरू करू नका. जुनी ८०० घेताना टायमिंग बेल्ट कधी बदलला ते आधी विचारा. उत्तर मिळालं नाही तर लगेच नवा टाका.